दुसरी आवळणी

माहं वेल्डिंग तुटलं नाही, हे आधी ऐकून घ्या. मंग काय म्हणायचं ते म्हणा. त्या गाडीचं मागचं एक्सल अजूनबी भंगाराच्या आवारात पडलं असन, जाऊन पाहा. त्याच्यावर मी बसवलेल्या दोन बैठका हायत. घण घाला त्याईच्यावर. एक्सल वाकन, पण बैठक सुटणार नाही. तीस वर्षं झाले मी रिसोडात गाड्याईच्या पाट्याचं काम करतो. लोकं म्हणतात, गोविंदाचं तोंड कडू हाय पण हात पक्का हाय. तोंडाचं तं खरंच हाय, बायकोले विचारा.

आता हा तोरा मी कायले मिरवून राह्यलो? माह्यापाशी तेवढंच उरलं हाय म्हणून. बाकी जे झालं, त्यात माह्या बाजूनं सांगाजोगं काहीच नाही.

शालिकराम भाऊचा मळा गावापासून नऊ किलोमीटर, पैनगंगेच्या अंगाले. वांगे, काकडी, मेथी, आन् दसऱ्याच्या बेतानं लावलेला झेंडू. घरात तिघं: शालिकराम भाऊ, त्याईची बायको सीताबाई आन् पोरगा दिनेश, सव्वीस वर्षांचा. लेक उज्ज्वला लग्न होऊन मेहकराकडं गेलेली. दिनेशनं एक जुनी पिकअप घेतली होती, जीपच्या बांध्याची. मळ्यातली भाजी भरायची आन् वाशिमच्या बाजारात न्यायची, हे त्याचं काम. पोरगं कमी बोलणारं. कोणी गाडीच्या काचेले बोट लावलं तरी फडकं घेऊन पुसत बसायचं.

अडचण होती पांदणीची. मळ्यापासून डांबरी सडकेपर्यंत दीड किलोमीटर काळी माती, मधात एक नाला. त्याच्या गाडीचे मागचे पाटे एक्सलच्या खालून होते. पाटे म्हणजे ती लोखंडी पट्ट्याईची चळत, जिच्यावर गाडीचं आन् मालाचं सारं ओझं राहते. पाऊस झाला की खाली लोंबलेले ते पाटे चिखलात नांगरासारखे रुतायचे, टाकी नाल्याच्या काठाले टेकायची, आन् गाडी जागची हालायची नाही. मंग सीताबाईनं एकेक कॅरेट डोक्यावर घ्यायचं आन् चिखल तुडवत सडकेवर नेऊन ठेवायचं. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघे गेलेले. अशा वीस-वीस खेपा ती करायची.

तर भादव्यात दिनेश माह्याकडं आला. मोबाईलवर त्यानं पाह्यलं होतं. पाटे एक्सलच्या खालून काढायचे आन् वर बसवायचे. एक्सलच्या मधातला गिअरचा गोळा काही त्यानं वर जात नाही, तो चाकाच्या मापानंच राहते. पण पाटे चिखलातून निंघतात, आन् टाकी, फाळका, सारं मागचं आंग सहा इंच उचलल्या जाते.

मी त्याले झापलं. म्हणलं, गाडी उंच झाली की वळणावर झोक खाते, ब्रेकचा पाइप तोकडा पडते, मागचे चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा कोन बदलते, आन् वरून हे कायद्यात बसत नाही. कोणी धरलं तर तुह्यासंग मलेबी आत टाकतीन. तो ऐकत उभा राह्यला. माहं बोलून सरलं तेव्हा म्हणे, "काका, माय पडली काल कॅरेट घेऊन." एवढंच बोलला आन् पुन्हा उभाच राह्यला.

दुसऱ्या दिवशी शालिकराम भाऊबी आले, पण ते पोराच्या विरोधात. कंपनीवाले काय खुळे होते म्हणून त्याईनं पाटे खालून देले, असं त्याईचं म्हणणं. आपल्याले भाजी न्यायची हाय का उंटावर बसून वरात काढायची हाय? सीताबाईनं मात्र पोराची बाजू घेतली. घरात दोन दिवस धुसफूस झाली. शेवटी शालिकराम भाऊ म्हणले, करा काय करायचं ते, मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. आन् नाही ठेवला त्याईनं.

मी काम घेतलं. कायद्याचं मीच सांगतलं होतं, तरी घेतलं. खरं सांगतो, माहे हात शिवशिवत होते. तुटलेला पाटा काढा, नवा टाका, हे रोजचंच. असं काम दोन वर्षातून एखाद्या डाव येते.

पाटे ज्याच्यावर टेकतात त्या जुन्या बैठका खालून कापल्या. जाड पत्र्याच्या नव्या बनवल्या, एक्सलच्या गोलाईवर चपखल बसतीन अशा घासून घेतल्या. पाटे वर ठेवून आधी नुसते वेल्डिंगचे टाके मारले. गाडी चाकावर उतरवली, मागं सिमेंटच्या गोण्या टाकल्या आन् शाफ्टचा कोन पाह्यला. एक्सलचं तोंड अर्ध्या बोटानं जास्तच वर होतं. टाके तोडले, एक्सल फिरवलं, पुन्हा मारले. मंग पक्कं वेल्डिंग, तेबी एका दमात नाही. दोन इंच इकडं, दोन इंच तिकडं, मधात थंड होऊ द्यायचं. घाई केली की तापून एक्सलच वाकडं होते. शॉकअप लांब टाकले, ब्रेकचा पाइप लांब टाकला. पाट्याले एक्सलसंग बांधून ठेवणारे यू-बोल्ट नवेकोरे घेतले आन् तीस नंबरच्या पान्याले चार फुटाचा पाइप लावून आवळले.

तिसऱ्या दिवशी गाडी चाकावर उभी राह्यली. दिनेश तिच्याभवती तीन चकरा मारून आला आन् हसला. त्याले हसताना मी तेव्हाच पाह्यलं.

मी त्याले समोर उभं करून सांगतलं. नव्या बैठका, नवे बोल्ट. माल भरून दीड-दोनशे किलोमीटर गाडी चालली की पाटे दबतात, रंग घासून जाते, बोल्ट ताणतात, आन् नट ढिले पडतात. काम कोणाच्याबी हातचं असो, पडतातच. म्हणून दुसरी आवळणी लागते. तेवढी झाली की मंग वर्षभर पाहायचं काम नाही. तेवढी नाही झाली, तर पाट्याले आन् एक्सलले जागेवर धराले फक्त मधातला एक बारीक बोल्ट राहते, आन् तो ओझं झेलाले बनलेलाच नाही. अष्टमीच्या आत ये, म्हणलं. त्यानं मान हलवली.

अष्टमी झेंडूच्या तोडणीत गेली. तो नवमीले आला.

आता आमच्या ग्यारेजवाल्याईच्या लायनीत नवमी म्हणजे काय, ते सांगा लागते. खंडेनवमीले आमी हत्यारं धुतो, तेल लावतो आन् पाटावर मांडतो. पाने, हातोड्या, घण, वेल्डिंगचा होल्डर, सारं. हळद-कुंकू, फूल, नारळ. एकदा मांडलं की दसऱ्याची पूजा झाल्याबगर उचलायचं नाही. पुऱ्या लायनीत त्या दिवशी एक पाना हालत नाही. माह्या बापानं एका वर्षी उचलला होता, कोणी ट्रकवाला पाया पडला म्हणून, आन् त्याच महिन्यात घणाखाली त्याचं बोट गेलं. पाना उचलला म्हणून गेलं, का त्या दिवशी तो दारू घेऊन होता म्हणून गेलं, हे त्यालेच मालूम. पण मरेपर्यंत त्यानं पान्याचंच सांगतलं, आन् मी ते धरून बसलो.

अकराच्या सुमाराले पिकअप दुकानासमोर उभी राह्यली. मागं फाळक्यापर्यंत झेंडू भरलेला, उद्याच्या दसऱ्यासाठी वाशिमले चाललेला. सीताबाई पुढं बसली होती. ती टोपलंभर फुलं घेऊन उतरली, म्हणे पूजेले घ्या भाऊ, सकाळच्या तोडीचे हायत. माही बायको ज्योत्स्ना तिथीच होती. तिनं ते फुलं घेऊन हत्याराईवर वाह्यले.

दिनेश म्हणे, दोनशे दहा किलोमीटर झाले काका, डाव्या अंगानं खडखड येऊन राह्यली, आवळून द्या.

मी म्हणलं, आज नाही. परवा ये.

तो म्हणे, तुमी नका हात लावू, मले पाना द्या, मी आवळतो. मी म्हणलं, मांडलेल्या हत्याराले हात लावू नको. गाडीतला पाना चाकाच्या नटाचा, तो यू-बोल्टले बसत नाही. पोरानं लायनीतल्या चार दुकानात जाऊन पाह्यलं. कुठी कुलूप, कुठी पूजा मांडलेली. परत आला. घामानं सदरा पाठीले चिकटला होता.

"काका, दहा मिनिटाचं काम हाय."

"दहाचं असो का एकाचं. एक-दोन दिवसानं काही होत नाही."

तो हालेना. तेव्हा सीताबाईच पोराले म्हणली, "राहू दे बापू. वर्षाचा सण हाय त्याईचा. आपण हळू जाऊ."

ज्योत्स्नानं माह्या पावती पुस्तकाचं एक गुलाबी पान फाडलं, त्यात परसाद बांधला, खोबऱ्याचे दोन तुकडे आन् बत्तासे, आन् सीताबाईच्या हातात देला. तिनं पुडी कपाळाले लावली आन् कमरेच्या बटव्यात टाकली. घरी गेल्यावर यायले बी देईन, म्हणे, तिघं मिळून खाऊ. यायले म्हणजे शालिकराम भाऊले. मंग ती दाराले धरून, गुडघ्यावर हात टेकून वर चढली. गाडी उंच झाली होती ना, चढाले तिले जड जात होतं. मी तिकडं पाहून नारळ फोडाले बसलो.

दीड वाजता गाडी उलटली. वाशिमच्या सडकेवर एक पूल लागते, त्याच्या अलीकडच्या वळणावर. तीन वाजता मले समजलं आन् मी गेलो. तवरोक सीताबाईले नेलं होतं. जागीच गेली, म्हणे. दिनेशचं खांद्याचं हाड मोडलं होतं, त्याले दवाखान्यात टाकलं होतं. गाडी आडवी पडली होती आन् सडकभर झेंडू. दुसऱ्या दिवशी दसरा. येणारे-जाणारे लोकं थांबून थांबून पिशव्या भरून नेत होते.

मी गाडीच्या खालच्या अंगाले गेलो. डाव्या बाजूचं एक्सल पाट्याखालून वीतभर मागं सरकलं होतं. मधातला बोल्ट ऊस तोडावा तसा सपाट कटला होता. वेल्डिंग जसंच्या तसं. मी यू-बोल्टच्या नटाले दोन बोटं लावले आन् नट फिरला. चार फुटाचा पाइप लावून आवळलेला नट दोन बोटानं फिरला. मी हात काढून घेतला आन् पायजाम्याले पुसला.

कोणी खालून पाह्यलं नाही. उंच केलेली गाडी, जवान पोरगं, त्यात सणाची घाई. आणखी काय पाहायचं? कागदावर लिहिल्या गेलं की चालकानं भरधाव चालवली आन् ताबा सुटला. सारे तेच म्हणत होते. पाचामुखी परमेश्वर. मी त्या पाचात उभा राहून मान हलवली.

घरी आलो तं ज्योत्स्ना म्हणली, जाऊन सांगा त्याईले. मी तिच्या आंगावर गेलो. म्हणलं, जेलात धाडतं का मले? गाडी उचलणंच गुन्हा हाय, त्यात दुरुस्तीले आलेली गाडी तशीच परत लावली हे कळलं तर दुकानाले टाळं लागन. ती बाई गेली, ती काय येणार हाय?  ज्योत्स्नानं ताट वाढलं आन् आत गेली.

तेरवी झाल्यावर शालिकराम भाऊ आले. डोक्याचे केस उतरवलेले, चेहरा पार उतरलेला. बाकड्यावर बसले. म्हणले, दिनेश सांगते की तो नवमीले तुह्याकडं आला होता, नट आवळाले, आन् तू परत लावला. बाकी लोकं म्हणतात पोरगं जोरात होतं. मले लोकाईचं नोको, तुहं पाह्यजे. मंग त्याईनं सरळ विचारलं.

"गोविंदा, आला होता का तो?"

पाहा, जिभेले हाड नसते. मी विचार करून खोटं बोललो असतो तर निदान विचार तरी केला म्हणता आलं असतं. तोंडातून निंघूनच गेलं.

"नाही भाऊ. माह्याकडं नाही आला. आला असता तर मी आवळल्याबगर सोडला असता का?"

पहिलं वाक्य भीतीनं निंघालं, ते एक डाव समजू शकते. ते दुसरं मी कायले जोडलं, हे मले आजबी कळत नाही. त्या दुसऱ्यानंच घात केला. कारण ते खरं वाटाजोगं होतं. तीस वर्षं लोकाईनं मले तसंच पाह्यलं होतं.

शालिकराम भाऊ उठले. "मंग पोरगं खोटं बोललं," म्हणले, आन् गेले.

ज्योत्स्ना आतल्या दारात उभी होती. तिनं सारं ऐकलं.

घरी जाऊन शालिकराम भाऊनं पोराले काय म्हणलं, ते पुढं उज्ज्वलाकडून गावभर झालं. मायले मारलं ते मारलं, वरून दुसऱ्याच्या माथी मारून राह्यला. माह्या दारात उभा राहू नोको. दिनेशनं एकदा सांगतलं की मी खरं बोलतो. दुसऱ्या डाव सांगतलं नाही. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात पिशवी, असा तो घरातून निंघाला. एसटी स्टँडवर जाताना माह्या दुकानासमोर, सडकेच्या पलीकडं, थांबला. आत आला नाही. नुसता माह्याकडं पाहत उभा राह्यला. मी वेल्डिंगची काच डोळ्यापुढं धरली आन् काम नसताना ठिणग्या पाडत राह्यलो. काच खाली केली तेव्हा तो गेला होता.

भिवंडीकडं गोदामात हमाली करते, असं मंग ऐकलं. गाडीले हात लावत नाही, म्हणे. फोन केला तर बहिणीले करते, बापाले नाही.

मी सांगाले गेलो नाही असं नाही. संक्रांतीच्या नंतर एक डाव मळ्यात गेलो, पक्कं ठरवून. शालिकराम भाऊ एकटेच वांगे तोडत होते. सायकलच्या मागं एक कॅरेट बांधलेलं, तेवढंच ते नेत होते. मले पाहून चूल पेटवली, हातानं चहा केला. एका कपाचा कान तुटलेला होता, तो त्याईनं सोताले घेतला. म्हणले, "साऱ्याईनं मले बोलून बोलून गोंधळवलं. तूच एक खरं बोलला, गोविंदा." मी तो चहा पेलो. पेलो आन् उठून आलो. लाज वाटते सांगाले, पण पेलो.

त्या दिवसापासून मले झोपेत नट फिरताना दिसाले लागला. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याच्या आंगावर खेकसायचो. ज्योत्स्ना वर्षभर मले या गोष्टीवरून एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती, भांडली असती तर मी चार शब्द उलट टाकले असते आन् मोकळा झालो असतो. तिनं तेवढीबी सोय ठेवली नाही.

वर्ष फिरलं. पुन्हा नवमी आली. सकाळी मी म्हणलं, हळद-कुंकवाचं ताट आण. तर ती म्हणली, "हत्यारं तुमीच मांडा. मी त्याच्यावर फूल वाहणार नाही." मी मांडले. सारे मांडले, फक्त तीस नंबरचा पाना मांडला नाही. तो बाकड्यावर, हाताशी ठेवला. कोणी आलंच, तर. म्हणतात ना, बैल गेला आन् झोपा केला.

अकरा वाजता शालिकराम भाऊ आले. पायी, बसस्टँडकडून. बाकड्यावर बसले नाही. सदऱ्याच्या खिशातून त्याईनं एक बटवा काढला, निळ्या कापडाचा, नाडीचा. तो मी ओळखला.

म्हणले, आज तिची तिथी. दवाखान्यातून तिच्या बांगड्या, जोडवे आन् हा बटवा एका पिशवीत बांधून देला होता. मी ती पिशवी वर्षभर खुंटीवरून काढली नाही, हिंमत झाली नाही. आज जोडवे पूजेले ठेवाचे म्हणून काढली. मंग बटवाबी उघडला. एवढं बोलून त्याईनं बटव्यातून गुलाबी पुडी काढली आन् पाटावर, हत्याराईच्या पुढं ठेवली. कागदावर माह्या दुकानाचं नाव. खोबरं काळं पडलेलं, बत्तास्याचा चिकटा झालेला.

"हा तुह्या दुकानातला कागद होय ना?"

"हाव."

"आन् परसाद नवमीचा."

"हाव, भाऊ."

"मंग ते आले होते."

मी सारं सांगून टाकलं. आले होते, मीच परत लावले, पोरानं पाना मांगतला, तोबी देला नाही. नट ढिले होते, मी सोता बोटानं फिरवून पाह्यले. पोरगं जोरात नव्हतं. वहिनी म्हणली होती, हळू जाऊ. एक वर्षाचं तुंबलेलं भडाभडा निंघालं आन् मी रडाले लागलो, भर दुकानात, पन्नाशीचा माणूस. बाजूलेच घण होता. त्याईनं तो उचलून माह्या डोक्यात घातला असता तर मी डोकं हालवलं नसतं. पण त्याईनं घणाकडं पाह्यलंबी नाही.

"तुह्या शब्दावर गाड्या चालतात, गोविंदा," ते म्हणले. "म्हणून मी पोराचा शब्द टाकला."

मंग खिशातून वहीच्या पानाचा तुकडा काढला. त्याच्यावर उज्ज्वलाच्या अक्षरात नंबर होता. "लाव," म्हणले. "माहा तो उचलत नाही."

मी लावला. दिनेशनं उचलला. मागून खोके आपटल्याचा आवाज येत होता. मी म्हणलं, दिनेश, गोविंदा काका बोलतो. त्यानं कापला नाही. मी म्हणलं, तू आला होता, मी परत लावला, आन् तुह्या बापाले मी खोटं सांगतलं. माही चूक झाली. तुही मायबी तिथी होती, तिनंबी पाह्यलं. मी बोलत राह्यलो आन् तो ऐकत राह्यला.

"काका," तो म्हणला, "हे मले कायले सांगता? मी तं होतोच तिथी."

 मी म्हणलं, तुहे बाबा इथी हायत, बटव्यातल्या परसादाच्या कागदावरून त्याईले सारं कळलं, घरी बोलावून राह्यले, बोल त्याईच्यासंग. मागचा खोक्याईचा आवाज बंद झाला. मले वाटलं फोन कटला.

"त्याईले सांगा," तो म्हणला, "मी हळूच चालवत होतो. हे मी तेव्हाबी सांगतलं होतं. त्याईले तेव्हा कागद नव्हता, म्हणून खरं वाटलं नाही. आता मी येत नाही."

फोन ठेवला त्यानं.

शालिकराम भाऊ माह्या तोंडाकडं पाहत होते. त्याईले फोनमधलं काही ऐकू आलं नव्हतं. पुडी त्याईनं पुन्हा हातात घेतली होती आन् तिचा मुडपलेला कोपरा नखानं सरळ करत होते. ज्योत्स्ना आतल्या दारात येऊन उभी राह्यली होती, मागच्या डाव उभी होती तिथीच.

"काय म्हणला?" भाऊनं विचारलं. "येतो म्हणला का?"

येतो म्हणला, भाऊ. दिवाळीले येतो म्हणला. हे माह्या ओठावर येऊन बसलं होतं. तेवढं म्हणलं असतं तर म्हातारा घरी गेला असता, आज बायकोच्या तिथीले दोन घास जेवला असता, दिवाळीपर्यंत वाट पाहत जगला असता. एका शब्दाचं काम होतं. मागच्या डावबी एकाच शब्दाचं काम होतं.

"नाही म्हणला," मी सांगतलं.

त्याईनं मान हलवली. पुडी नीट बांधली, बटव्यात टाकली, नाडी ओढली. मंग बाकड्यावरचा तीस नंबरचा पाना बाजूले सारून तिथी बसले. मी बी त्याईच्या बाजूले बसलो. पुऱ्या लायनीत त्या दिवशी एकबी पाना हालत नव्हता.